तिथीची पाऊणपट

पश्चिम रेल्वेच्या लोकलनं भाईंदरहून नायगावला गेलेल्या प्रत्येकानं पाणजू बघितलेलं असतं. आपण ते बघितलंय, हे मात्र त्याच्या गावीही नसतं. वसईच्या खाडीवरचा एक पूल संपतो, चाकांचा आवाज बदलतो, खिडकीतून थोडी हिरवळ आणि थोडा चिखल दिसतो, तेवढ्यात दुसरा पूल लागतो. ती मधली जमीन म्हणजे पाणजू बेट. त्या वेळी डब्यातली निम्मी माणसं नायगावला उतरायचं म्हणून दाराकडे सरकत असतात आणि उरलेल्यांतली काही खाडीला हात जोडून निर्माल्याची पिशवी भिरकावत असतात. बडोद्याकडून येणारी रेल्वे १८६४ साली मुंबईत पोचली ती या बेटावरूनच. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण इथं स्टेशन काही झालं नाही. माझा मामा म्हणतो, “आमच्याकडं गाड्या लय. थांबत एकपन नाय.”

पाणजू माझं आजोळ. मी राहतो अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगरला, औद्योगिक वसाहतीच्या कुशीत. पहिल्या पाळीच्या भोंग्यावर आमचा दूधवाला येतो आणि वारा कुठून वाहतोय ते आम्हाला नाकानं कळतं. इथून आजोळी जायचं तर मध्य रेल्वेनं उलट्या दिशेला दादरपर्यंत, तिथं पूल चढून पश्चिम रेल्वे, मग नायगाव आणि मग होडी. दिवा-वसई गाडी आहे, पण तिच्या फेऱ्या इतक्या मोजक्या की ती पकडण्यापेक्षा दादरची गर्दी परवडते. एवढ्या द्राविडी प्राणायामानं पोचल्यावर मामा पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो, “तुमचं पानी तर कालच आयलं.”

तो म्हणतो ते भूगोलाला धरून आहे. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते, पुढं काळू आणि भातसाचं पाणी तिला मिळतं, आणि ठाण्याच्या उत्तरेनं वळसा घालून ती वसईच्या खाडीत शिरते. आमच्या अंबरनाथची वालधुनी त्या मानानं लहानखुरी. काकोळेच्या डोंगरात जन्मायचं, १०६० सालच्या शिवमंदिराच्या पायाशी जायचं, मग उल्हासनगर ओलांडून कल्याणला उल्हासच्या पदरात पडायचं, एवढाच तिचा संसार. पण पाणी अखेर पाणजूलाच जातं. मी दादरला गाडी बदलत असतो तेव्हा ते सरळ वाटेनं माझ्या आजोळी निघालेलं असतं.

याच पाण्याबद्दलची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मावळात आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं आणि तिचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. हे १९२२ पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं, म्हणून तर आमची उल्हास उन्हाळ्यातही वाहती असते. आता आंध्रा नदी इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची आणि भीमा पंढरपूरची. म्हणजे जे पाणी विठोबाच्या पायाशी जायचं ते आमच्या नळाला येतं. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो माळकरी माणूस दोन दिवस गंभीर होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मंग तुमी त्यात साबन कसा काय घालता?”

बेटावरच्या माणसाला घड्याळापेक्षा तिथी जवळची. मामाच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, त्याची बॅटरी कधी संपली ते कुणाच्या लक्षात नाही. पण आज कोणती तिथी, असं झोपेतून उठवून विचारलं तरी मामी सांगेल. हिशोब सोपा. तिथीची पाऊणपट करा; जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी आळशी. धड चढत नाही, धड उतरत नाही. भरतीपुढं सहा तासांनी ओहोटी पुरी. खाडीत आत शिरलेल्या गावाला थोडा उशीर धरायचा, तो ज्यानं त्यानं आपल्या धक्क्याप्रमाणं. वेधशाळा नव्हती तेव्हापासून हे पाढे चालत आले आहेत आणि शाळेत न गेलेल्या माझ्या आजीला पाऊणकीचा पाढा तोंडपाठ होता, तो याच कारणानं.

मामेबहिणीच्या लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी काढला पंचमीचा, सकाळी पावणेदहाचा. गुरुबळ उत्तम, ताराबळ उत्तम. मामानं मनात पाढा म्हटला. पंचमीची भरती पावणेचारची, म्हणजे पावणेदहाला खाडीचा तळ. नायगावहून येणारं वऱ्हाड पैठण्या नेसून गुडघाभर चिखलात उतरणार. “गुरुबल हाय, पन पानी नाय,” मामा म्हणाला. गुरुजी मुख्य भूमीवरचे, त्यांना हा आक्षेप कुठल्या ग्रंथात सापडेना. बरीच घासाघीस होऊन द्वादशी ठरली, नऊची भरती, आणि वरपक्ष कोरड्या पायांनी मांडवात आला. ग्रहांना मुख्य भूमीवर काय अधिकार असतील ते असोत. बेटावर त्यांचं खातं चंद्राकडे आहे.

मामाचं शेत मोजायला गेलं तर हातरुमाल आहे. पण त्या हातरुमालाचं वर्ष फार गुंतागुंतीचं. खारजमिनीत वैशाखाच्या उन्हानं खालचा खार वर चढतो आणि शेतावर पांढरी साय धरते. बाकीच्या महाराष्ट्रातला शेतकरी मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरायला धावतो. मामा पहिल्या पावसात घोंगडी पांघरून पडवीत बसतो. हा पाऊस पिकाचा नाही, जमिनीच्या आंघोळीचा. वरचा खार विरघळला पाहिजे, ते पाणी ओहोटीच्या वेळी शेतातून खाडीत गेलं पाहिजे, मग पुन्हा पाऊस, पुन्हा निचरा. मामा बोट बुडवून जिभेला लावतो, थुंकतो, म्हणतो, “अजून खारट.” मृग गेला, आर्द्रा लागली, नक्षत्राचं वाहन बेडूक असो की म्हैस, मामा थुंकतोच आहे. एक दिवस थुंकत नाही. त्या दिवशी घरात मोड आणून ठेवलेलं बियाणं बाहेर निघतं आणि चिखलात फेकलं जातं. याला रहू म्हणतात. रोपवाटिका, उपटणी, आवणी असला थाट सगळ्याच खारजमिनीला परवडत नाही. पाऊस दगा द्यायच्या आत बी रुजलं की झालं.

बियाणं राता. या लाल तांदळाला खार सोसतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं जास्त उतार देणाऱ्या सुधारित जाती काढल्या आहेत आणि मामानं त्या लावूनही बघितल्या. पीक जास्त आलं हे तो कबूल करतो. तरी घरापुरता राता असतोच, कारण त्याच्या भाकरीबरोबर निवट्यांचं कालवण जसं लागतं तसं दुसऱ्या कशाबरोबर लागत नाही, हे मामीचं मत. मामीच्या मताविरुद्ध जाणारं वाण कोकण कृषी विद्यापीठाला अजून काढता आलेलं नाही.

नारळी पुनवेनंतर दर्या शांत होतो असं म्हणतात. मामाच्या मते त्याच सुमाराला शेतातले खेकडे जागे होतात आणि बांधाला भोकं पाडतात. भाद्रपदात गौरी-गणपती, आश्विनात नव्याची भाकर, कार्तिकात कापणी. आणि भात घरात आलं की त्या घराची सगळी नीती फिरते. जूनपासून ज्या खाऱ्या पाण्याला बांधाबाहेर रोखण्यात सगळ्यांची हाडं झिजली, त्याच पाण्याला आता उधाणाच्या भरतीला वाट मोकळी करून आत घ्यायचं, कारण शेजारी मिठागर. डिसेंबरपासून मेपर्यंत ऊन आणि वारा त्याचं मीठ करतात. सहा महिने वैरी, सहा महिने पाहुणा. आजोबा दोन्ही कामं करत, आणि दोन्हींत त्यांची शिवी तीच असे. फक्त एकदा ती खाडीला जाई आणि एकदा ढगाला. अवकाळी पावसाची एक सर मिठाचा महिना धुऊन नेते. जून महिन्यात ज्या सरीसाठी डोळे लावायचे तीच मार्चमध्ये आली तर कपाळाला हात. एकाच घरात भात आणि मीठ पिकवणाऱ्या माणसानं देवाकडे नेमकं काय मागावं, हे मला अजून उमगलेलं नाही. आजोबा काही मागत नसत. नारळ फोडत आणि घरी येत.

या सगळ्याच्या मुळाशी आहे बांध. बेटाला खाडी चारी बाजूंनी, त्यामुळे शेत म्हणजे चिखलमातीच्या बांधानं खाडीकडून उसनी घेतलेली जागा. बांधात जागोजाग उघाडी. तिचं दार बाहेरच्या अंगाला उघडतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडी स्वतःच त्या दाराला दाबून धरते आणि आपला रस्ता आपणच बंद करते. चौकीदार नाही, कुलूप नाही, वीज नाही. आमच्या आनंदनगरच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला आपोआप बंद होणारा पंप बसवला आहे आणि तो आपोआप बंद आहे का ते बघायला एक माणूस पगारी ठेवला आहे. मामाला तो पंप दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं त्या माणसाचा पगार विचारला.

बांधाला खांड पडली की संपलं. एका रात्रीत खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं पीक विसरा. खारबंदिस्तीसाठी मुंबई राज्यानं १९४८ साली कायदा केला, महाराष्ट्रानं १९७९ साली नवा केला. सरकारनं बांध बांधले, दुरुस्तही केले. पण खांड पडते अवसेच्या रात्री बारा वाजता, आणि निविदा निघते कार्यालयीन वेळेत. त्यामुळं पहिली पाटी चिखल ज्याच्या त्याच्या डोक्यावरूनच जाते. मोठे मामा आणि धाकटे मामा एका फणसाच्या झाडावरून बोलेनासे झाले होते. झाड पडलं तरी अबोला उभा होता. पण उधाणाच्या रात्री एक चिखल कापी आणि दुसरा तो बांधावर रची. मधे पाटी द्यायला बायको किंवा मुलगा उभा करत, म्हणजे थेट हातात हात लागायला नको. बांध सकाळपर्यंत पुरा होई. मग दोघं आपापल्या पडवीत, आपापला चहा.

सातबारा मात्र बघण्यासारखा आहे. आजोबांच्या मागं मुलगे, मुलींची नावं, गेलेल्यांचे वारस, त्यांचे वारस. नावं इतकी वाढली की तलाठ्याच्या छापील कागदाला पुरवणी लागते. आईचं नाव त्यात आहे, म्हणजे उद्या माझंही लागेल. माझ्या वाट्याचा हिशोब मी करून बघितला. आमच्या स्वयंपाकघराएवढी जमीन येते, आणि तीही कुठली ते कुणी दाखवू शकत नाही. वसई-भाईंदरकडचे जमिनीचे भाव ऐकून आमच्यातले काही वारस एकदम भावूक झाले. ज्यांना भरती-ओहोटी माहीत नव्हती त्यांना वडिलोपार्जित मातीचा गंध आठवू लागला. कौटुंबिक बैठक भरली. मोजणी करा, खुणा गाडा, ज्याचं त्याला द्या, असा सूर निघाला. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बांध कुनाच्या वाट्याला?”

कुणी बोलेना. शेत कापून देता येतं. बांध कापून दिला की त्याला खांड म्हणतात. म्हणजे ज्याला स्वयंपाकघराएवढी जमीन हवी त्यानं अख्ख्या बांधाला चिखल टाकायला आलं पाहिजे, अवसेला, रात्री बारा वाजता, नायगावहून शेवटची होडी पकडून. वारसांनी चहा घेतला, ओहोटी लागायच्या आत निघायला हवं म्हणाले. माझ्या माहितीत बेटावरच्या इस्टेटीचा एवढा झटपट निकाल दिवाणी कोर्टानंही दिला नसेल. मला तरी वाटतं, आजोबांनी ठेवलं ते शेत नव्हेच. त्यांनी पाऊणकीचा पाढा ठेवला आणि बांधावरची पाळी ठेवली. सातबाऱ्यावर या दोन्हींसाठी रकाना नाही.

आमच्या दोन घरांची देवघेव ऋतूप्रमाणं चालते. मे संपता संपता बदलापूरची जांभळं आम्ही पाठवतो. त्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळं भाव विचारताना आवाज खाली जातो. पहिल्या पावसानंतर अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात डोंगरातल्या बायका शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडं देतात, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. ती जुडी आई स्वतः निवडते आणि माझ्याबरोबर पाणजूला धाडते. तिकडून सुका जवळा, राताचे तांदूळ, कधी चिंबोऱ्या. चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन दादरचा पूल चढणं हा एक वेगळा निबंध आहे. एवढंच सांगतो की गर्दीत मला कधी नव्हे ती मोकळी जागा मिळाली.

मामा आमच्याकडं क्वचित येतो. आला की गच्चीवर जाऊन चारी दिशा बघतो, मग विचारतो, “पानी कुठून जातं?” नवीन इमारती, नवीन रस्ता, नाल्यावर घातलेली लादी हे सगळं तो पाण्याच्या नजरेनं बघतो. त्याचं म्हणणं, इथं बांध सगळ्यांनी घातलेत आणि उघाडी कुणीच ठेवली नाही. २६ जुलै २००५ ला ते पटलं होतं. पुन्हा २७ जुलै २०१९ ला पटलं, जेव्हा उल्हास पात्राबाहेर आली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. हजारावर माणसं आत. रुळांच्या दोन्ही बाजूंना नदी, आणि बचाव पथकांच्या रबरी होड्या गाडीच्या दाराला लागलेल्या. त्या सकाळी मामाचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण तिच्या तळाशी किंचित समाधानही असावं. “काय रं, तुमच्याकडं आता गाडीला होडी लागते म्हनं?” मग जरा थांबून, “आज तिथी कोनती ठाव हाय का?” मला ठाऊक नव्हती. आईनं आतून सांगितली, दशमी. साडेसाताची भरती, म्हणजे दुपारपर्यंत खाडी नदीला जागा देईल, घाबरू नका, असं त्यानं बजावलं. आम्ही घाबरलोच होतो, पण निदान वेळ कळली.

पूर ओसरला की आमच्याकडं रस्ते धुतले जातात आणि सगळं स्वच्छ दिसतं. ते कुठं गेलं ते पाणजूला दिसतं. तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, चपला, थर्माकोलचं मखर, एकदा तर अंबरनाथच्या कुठल्याशा बिल्डरच्या जाहिरातीचा फलक, ‘नदीकिनारी स्वप्नातलं घर’. मामानं तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला आहे, गळत नाही. उल्हासनगरात जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा वालधुनीचं पाणी कधी निळं, कधी लाल असे. तेवढे रंग खाडीपर्यंत टिकत नाहीत, पण जे रंगाशिवाय येतं ते चिंबोऱ्यांना कळतं. ओहोटीला चिखलात पूर्वी जितक्या मिळत तितक्या आता मिळत नाहीत. यावर मामा कधी चिडत नाही, आणि त्यानं चिडावं असं मला फार वाटतं. तो फक्त म्हणतो, “तुमचं पानी आयलं.” आणि मी, जिचा नाला वालधुनीत उघडतो त्या सोसायटीचा सभासद, मुकाट भाकरी खातो.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी विषय मांडला की आपलं सांडपाणी नेमकं कुठं जातं ते बघू. “नाल्यात,” सचिव म्हणाले. नाला कुठं जातो? “बाहेर.” विषय मंजूर होऊन संपला. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी मामाला घेऊन जाणार आहे. तो भाषण करणार नाही. तो बोट बुडवून जिभेला लावणारा माणूस आहे. सभासदांनी आपापलं बघावं.

तोवर एक मागणं, तेही फक्त भाईंदर-नायगाव करणाऱ्यांना. खाडीवरून जाताना खिडकीतून, दारातून नारळ आणि निर्माल्य फेकू नका. होडी नसते तेव्हा पाणजूची माणसं त्याच पुलाच्या कडेनं चालत नायगावला येतात. अशा फेकलेल्या नारळाचा मार बसून २०२५ साली बेटावरचा एक तरुण गेला. धावत्या गाडीतून सुटलेला नारळ खाडीपर्यंत पोचतोच असं नाही. देवाला द्यायचाच असेल तर नायगावला उतरा, धक्क्यावर या, तिथल्या कुणाच्याही हातात द्या. येण्याआधी तिथीची पाऊणपट तेवढी करून घ्या, म्हणजे होडी मिळेल.